लोट्याला काय कळतं

मजीद साहेबांवर मी कधीच पुरता विश्वास ठेवला नाही. त्यांना हे कळलं असतं तर आनंदच झाला असता. वर्षभर आमच्यात त्यांनी दुसरं पेरलं तरी काय होतं?

निजामाच्या राजवटीतली ती उतरती वर्षं. प्राथमिक शिक्षक तयार करणाऱ्या औरंगाबादच्या एका ट्रेनिंग स्कूलमध्ये मी देवगाव रंगारीहून उमेदवार म्हणून आलो होतो. शिकवणं सगळं उर्दूतून. मानसशास्त्राला तिथं ‘नफ्सियात’ म्हणायचे आणि ते शिकवायला मजीद साहेब होते. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं, ‘मन म्हणजे काय’ हे पहिलं प्रकरण आहे असं सांगितलं आणि पुस्तक मिटून टाकलं.

“हे लिहिणाऱ्याची अन् मनाची कुठं गाठ पडली होती, ते आधी इचारा,” ते म्हणाले. “मग वाचू.”

औरंगाबादचेच असल्यामुळे ते मराठी आमच्याइतकंच सहज बोलायचे, फक्त प्रत्येकाला ‘मियाँ’ म्हणायचे. मी ‘जाधव मियाँ’ होतो. बुटके, नीटनेटके, शेरवानीची बटणं वरपासून खालपर्यंत चाचपून बघणारे. खुर्चीवर बसण्याआधी तिचा पाय हलवून बघायचे. आम्ही त्यांना ‘शक्कीसाहेब’ नाव ठेवलं होतं, ते त्यांना माहीत होतं आणि त्यांची हरकत नव्हती. त्यांच्या घरी वाडवडलांपासून हिमरूचे माग होते. “कापड उलटं करून पाह्यची सवय तिथली,” ते म्हणायचे. “समोरून सगळंच झकास दिसतं मियाँ. धागा कुठं तुटला, कुठं जोडला, ते मागून कळतं.”

एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहाचा पेला आधी नाकाशी नेला. पडद्याआडून त्यांच्या बीबींचा आवाज आला, “शादी कू इत्ते बरस हुए, अब्बी बी मेरे हात की चाय सूंघ के पीते!” साहेब ओशाळले नाहीत. चहा चांगला झालाय, असं त्यांनी पिऊन झाल्यावर सांगितलं.

ते आम्हाला शिकवत होते ते काय, हे आता मला नीट सांगता येतं. पाहिलेलं वेगळं आणि वाटलेलं वेगळं, ही पहिली पायरी. ‘पोरगं आळशी आहे’ असं कोणी म्हटलं की ते भडकायचे. “आळस तुला दिसला? कसला रंग होता त्याचा? पोरगं खिडकीतून बाहेर बघत होतं, हे दिसलं. आळस तू घरून आणलास.” त्यावेळी मात्र आम्हाला वाटायचं, या माणसाला कोणीतरी लहानपणी जबर फसवलं असणार.

नमुना कसा घ्यायचा, हे त्यांनी शहागंजात ज्वारी घेताना शिकवलं. आम्ही दोघं-तिघं सोबत होतो. दुकानदाराने पोत्याच्या तोंडाची मूठभर ज्वारी त्यांच्या हातावर ठेवली. टपोरी, मोत्यासारखी. साहेबांनी ती परत पोत्यात टाकली आणि म्हणाले, “परखी घाला.” परखी म्हणजे पोत्यात खुपसून आतला दाणा काढायची लोखंडी नळी. दुकानदाराने एकदा घातली. साहेब म्हणाले, खालून घाला. मग म्हणाले, त्या कडेच्या पोत्यात घाला. मग म्हणाले, आतल्या खोलीतल्या पोत्यांचं काय?

दुकानदार कातावला. “साहेब, ज्वारी घ्यायलेत का झडती?”

“झडतीच,” साहेब शांतपणे म्हणाले आणि आमच्याकडे वळले. “वरची मूठ दुकानदाराची असती. सगळ्या पोत्यांतनं, हात जाईल तिथनं घेतलेली मूठ आपली. तुमी शाळेत जाल, पुढच्या रांगेतल्या दोन पोरांना सवाल कराल अन् म्हणाल, वर्गाला येतंय. ती वरची मूठ झाली.”

दुकानदाराने त्या दिवशी आम्हाला ज्वारी दिलीच नाही. साहेबांच्या बीबींनी पुढे नोकराकरवी गुपचूप मागवली म्हणतात.

ताइताची गोष्ट याहून नाजूक होती. त्यांच्या मोहल्ल्यात तापाची साथ आली. शेजारच्या चाचांनी नातवाच्या दंडाला ताईत बांधला आणि तीन-चार दिवसांत ताप उतरला. चाचा गल्लीभर सांगत सुटले. साहेबांनी एकच विचारलं, “ज्यांनी नाही बांधला, त्यांचा नाही उतरला का?” एवढ्यावर थांबले असते तर ते मजीद साहेब कसले! दारोदार जाऊन विचारायला लागले, कोणाला ताप आला, ताईत होता का, कधी उतरला. झालं. लोकांना वाटलं, सरकारने आजारी माणसं हुडकायला माणूस धाडलाय. आता शहराबाहेर छावणीत नेऊन टाकणार. तापाने फणफणलेली माणसं लोक आतल्या खोलीत लपवायला लागले आणि ‘आमच्याकडं सगळे ठणठणीत’ म्हणून दारातून सांगायला लागले.

“आता कळलं का?” साहेबांनी वर्गात येऊन हताशपणे विचारलं. “इचारणारा कोण आहे, यावर जवाब ठरतो. मीच माझा हिशेब नासवला.” आपली फजिती ते अशी सगळ्यांसमोर उलटी करून दाखवायचे, आणि मला ते आवडायचं. मात्र चाचांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं.

आम्हा उमेदवारांनाही त्यांनी सोडलं नाही. जोडून असलेल्या सरावाच्या शाळेत त्यांनी मला एक तुकडी दिली आणि जाता जाता कानात सांगितलं, “पोरं जरा मठ्ठ आहेत, सांभाळून घ्या.” माझ्यानंतर तीच तुकडी लासूर स्टेशनच्या भुजंगला दिली. त्याला सांगितलं, शाळेतली हुशार पोरं निवडून दिलीत. पंधरवड्याने आम्ही दोघांनी वर्गात अहवाल वाचले. माझी पोरं ढिम्म होती, भुजंगची चमकदार. पोरं तीच! वर्ग खो खो हसला. मी रागाने लाल झालो. खोटं सांगून शिकवणारा हा कसला मास्तर, असं मला वाटलं, आणि थोडंसं अजूनही वाटतं.

त्यातच ते आम्हाला बाजारात बसवायचे. माणूस भाव करताना किती वेळा पाठ फिरवतो, ते टिपून आणा म्हणायचे. दिवस संशयाचे होते. कोण कुणाची खबर कुठं पोचवतो, याची ज्याला त्याला धास्ती. पानवाल्याने एकदा भुजंगची मानगूट धरली आणि विचारलं, “कुणासाठी लिहायला रं?” तेव्हापासून बोर्डिंगात कुजबुज सुरू झाली की शक्कीसाहेब पोलिसांना सामील आहेत. मी ते खरंही मानलं नाही आणि खोटंही. त्यांचाच चेला ना मी.

आणि मग अत्तरदाणी हरवली.

आमच्या बोर्डिंगात दोन स्वयंपाकघरं होती, मुसलमान उमेदवारांचं वेगळं आणि हिंदूंचं वेगळं. आमच्याकडे भाकऱ्या भाजायला सखूबाई होत्या. पैठणच्या, विधवा, पन्नाशीच्या आसपास, तोंडाने फटकळ आणि हाताने उदार. “खा रं मुडद्या, मास्तर व्हायचंय ना तुला,” म्हणून तिसरी भाकरी ताटात आपटायच्या. बोर्डिंगचे मोहतमिम, म्हणजे व्यवस्थापक, यांनाही त्यांच्या हातच्या भाकरीचं वेड होतं. दुपारची एक गरम भाकरी सखूबाई स्वतः त्यांच्या खोलीत नेऊन द्यायच्या. त्याच खोलीच्या फडताळात बोर्डिंगची चांदीची अत्तरदाणी असायची. वरचे साहेब तपासणीला आले की ती बाहेर निघायची. तपासणी तोंडावर आली आणि फडताळ उघडलं, तर अत्तरदाणी नाही.

दुपारपर्यंत सगळ्या बोर्डिंगात एकच नाव फिरत होतं. खोलीत रोज जातं कोण? सखूबाई.

मोहतमिम तसे वाईट नव्हते. पोलिसात गेलो तर आपलीच मान अडकेल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी लोटा फिरवणाऱ्या शहाबाबांना बोलावलं. हा प्रकार आमच्याकडे सर्रास चालायचा आणि त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. बैल चोरीला गेला की आमच्या देवगावातही लोटाच फिरायचा. दोन माणसांनी समोरासमोर बसून बोटांच्या टोकांवर पितळी लोटा काठाखाली तोलायचा. बाबा एकेक नाव लिहिलेली चिठ्ठी मोठ्याने वाचून लोट्यात टाकणार आणि काही पुटपुटणार. चोराच्या नावाला लोटा आपोआप गर्रकन फिरतो.

संध्याकाळच्या नमाजाआधी अंगणात सगळे जमले. लोटा धरायला एका बाजूला भुजंग आणि दुसऱ्या बाजूला हमीद नावाचा आमचाच सोबती. कुणाला वगळायचं नाही म्हणून चिठ्ठ्यांत मोहतमिमांचं आणि मास्तरांचंही नाव होतं. आमची नावं झाली, भिश्त्याचं झालं, झाडूवाल्याचं झालं. लोटा गप्प. “सखूबाई,” बाबांनी वाचलं. लोटा थरथरला आणि फिरला. मी डोळ्यांनी पाहिलं. भुजंग पांढराफटक पडला. “आईची आण, मी नाही फिरवला,” तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता.

सखूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. “मी नाय घेतली,” एवढंच त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, “पोरांनो, मी नाय घेतली रं.” आमच्यातलं कुणी वर बघेना.

तेवढ्यात मागून मजीद साहेबांचा आवाज आला. ते कधी आले होते कोण जाणे. “शहाबाबा, इजाजत असेल तर पुन्यांदा फिरवू. फक्त एक करू. नाव मोठ्यानं वाचायचं नाही. चिठ्ठीत काय आहे, ते धरणाऱ्याला कळायला नको. लोट्याला कळलं म्हणजे झालं. फिरतो तर लोटाच ना?”

बाबांना नाही म्हणता येईना. साहेबांनी चिठ्ठ्या घेतल्या, पालथ्या केल्या, मिसळल्या आणि न वाचता एकेक टाकू लागले. लोटा हलेना. अर्ध्याअधिक चिठ्ठ्या अशाच गेल्या, मग एकीला जरासा कलला. उघडून पाहिली, तर तिच्यावर खुद्द मोहतमिम साहेबांचं नाव. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग साहेबांनी एक चिठ्ठी उचलली, वाचल्यासारखं केलं आणि खणखणीत म्हणाले, “सखूबाई.” लोटा पहिल्यासारखाच गर्रकन फिरला. साहेबांनी चिठ्ठी काढून सगळ्यांना दाखवली. वर लिहिलं होतं, मजीद.

अंगणात असा हशा पिकला की बाबांनाही दाढीआड हसू लपवावं लागलं. साहेबांनी भुजंगच्या खांद्यावर हात ठेवला. “तू खोटा नाहीस. तुझ्या बोटांना नाव आधीच ठाऊक होतं, एवढंच. दुपारपासून सगळ्या बोर्डिंगच्या बोटांना ठाऊक होतं.”

सखूबाई दारातून दोन पावलं पुढे आल्या होत्या, हाताला पीठ तसंच. आता सुटले, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मोहतमिम उठले, खजील होऊन म्हणाले, “ठीक आहे मजीद साहेब. तुमी सांगा. बाई बेकसूर आहे, असं तुमी चार लोकांत म्हणा. बाई इथंच राहील, कुणी ब्र काढणार नाही.”

एक शब्द. एवढाच हवा होता.

मजीद साहेबांनी हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, “तसं मी कुठं म्हटलं? लोट्याला काही कळत नाही, एवढं साबित झालं. बाईनं घेतली का नाही, ते या खेळावरून कळत नाही. मला ठाऊक नाही.”

मोहतमिमांच्या कपाळावर आठी आली. “म्हणजे शक तुमालाही आहे.”

“शक सगळ्यांवरच आहे,” साहेब म्हणाले. “तुमच्यावरही. माझ्यावरही.”

शास्त्र म्हणून त्यांचं बोलणं चोख होतं. एक पुरावा खोटा ठरला म्हणून उलटी गोष्ट खरी ठरत नाही, हे पुढं मी पोरांना शिकवलंय. पण त्या अंगणात, त्या बाईसमोर, ते शब्द ऐकताना मला त्यांचा संताप आला. अरे, सगळं जग तोलून पाहणाऱ्या माणसा, समोर कोण उभं आहे ते तरी पाहा!

दुसऱ्या दिवशी सकाळी सखूबाईंनी आपला तवा आणि परात फडक्यात बांधली. कुणी जा म्हटलं नव्हतं. राहा असंही कुणी म्हटलं नाही. मी फाटकापर्यंत गेलो. “लोट्यानं चोर म्हणलं, त्याचं मला काय नाय वाटलं,” त्या म्हणाल्या. “लोट्याला काय कळतं? पण त्यो शिकलेला माणूस. त्याला माझं तोंड दिसत व्हतं. त्यानं बी नाय म्हणलं नाय.” आणि गेल्या. अत्तरदाणी सापडली नाही, आजतागायत नाही. कोणी घेतली असेल, याबद्दल माझे काही तर्क आहेत. पण ते तर्क आहेत.

साहेब त्यानंतरही शिकवत राहिले, पण बोलणं कमी झालं होतं. वाक्य अर्ध्यात सोडून फळ्याकडे बघत राहायचे.

ट्रेनिंग संपलं आणि माझी नेमणूक पैठणला झाली. तिथं सखूबाई भेटल्या. एका साळ्याच्या घरी पैठणीच्या रेशमाच्या कांड्या भरून देत होत्या. स्वयंपाकाला त्यांना कोणी ठेवत नव्हतं. औरंगाबादेत काय झालं, ते त्यांच्याआधी गावात पोचलं होतं. आणि जिच्यावर आळ आहे तिच्या हाती आपलं फडताळ कोण देणार? एरवी येताजाता शिव्या देणारी ती बाई खाली मान घालून चाक फिरवत होती. मी न राहवून मजीद साहेबांना निरोप धाडला. बाकी काही नाही, त्या कुठं आहेत आणि काय करताहेत, एवढंच.

शुक्रवारी शाळांना सुट्टी असायची. पुढच्याच शुक्रवारी मोटारीतून साहेब उतरले. शेरवानी धुळीने माखली होती आणि बटणं चाचपायची त्यांना शुद्ध नव्हती. मी त्यांना साळ्याच्या घरी घेऊन गेलो. सखूबाईंनी पदर सावरला, पण हात थांबवला नाही.

“बाई, तुमी अत्तरदाणी घेतली नाही,” साहेब उभ्या उभ्याच म्हणाले.

“सापडली व्हय?”

“नाही.”

“मग?”

साहेब ओटीच्या कडेला टेकले, खुर्चीचा पाय वगैरे काही न तपासता. “मियाँ,” ते सखूबाईंऐवजी माझ्याकडे बघून म्हणाले, “चूक दोन तऱ्हांची असती. चोराला सोडणं ही एक. साव माणसाला चोराच्या रांगेत उभं ठेवणं ही दुसरी. मी पहिली टाळत बसलो. दुसरी माझ्या डोळ्यापुढं झाली.”

सखूबाईंना हे कळलं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी तुटलेला धागा जिभेने ओला करून जोडला. “मला एकटीला सांगून काय व्हणार, साहेब? मला ठाऊकच हाय. जितं नाव गेलं, तितं सांगा.”

साहेब उठले. मीही त्यांच्यासोबत संध्याकाळची मोटार धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्डिंगात हिंदू उमेदवारांची पंगत बसली होती. सगळे नवे. भाकऱ्या वाढायला कोणी आचारी होता. मला ओळखीचं म्हणून पंगतीला बसवून घेतलं. तेवढ्यात दारात मजीद साहेब दिसले. हिंदूंच्या स्वयंपाकघराकडे ते आजवर फिरकले नव्हते. बाटल्याचा बोभाटा झाला असता. त्यांनी जोडे काढून ठेवले, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. तिथूनच, वर्गात बोलायचे त्याहून मोठ्याने म्हणाले, “सखूबाईनं अत्तरदाणी घेतली नव्हती.”

घास हातात घेतलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आवाज ऐकून मोहतमिम अंगणात आले आणि तिथंच थबकले. पंगतीतल्या एकाने, बहुधा वर्गातल्या चुणचुणीत मुलाने, अदबीने विचारलं, “साहेब, काही पुरावा मिळाला का?”

“नाही मिळाला.”

“मग साहेब...”

“मग काही नाही. घेतली नाही, असं मी म्हणतो. चुकलो, तर चूक माझी.”

त्यांनी पुन्हा एकदा तेच वाक्य म्हटलं, सखूबाईंचं नाव घेऊन. मग वाकून जोडे घातले. नाड्या बांधायला त्यांना वेळ लागला. पोरं तोवर बोलायला, हसायला लागली होती. मोहतमिमांना सलाम करून ते फाटकाकडे चालू लागले. त्यांना मी पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं. पुढे राज्य गेलं, माणसं इकडची तिकडे झाली आणि ते कुठं गेले, मला समजलं नाही.

शेजारच्या पोराने मला कोपराने ढोसलं. “गुरुजी, ही सखूबाई कोण?”

“चोर नव्हती,” मी आधी सांगितलं. मग बाकीचं सांगायला घेतलं.